मालिका खुनांची कादंबरी लिहिताना: तरुण फौजदाराचा तपास पायरीपायरीने कसा बांधावा

खुनांच्या मालिकेवर कादंबरी लिहायला घेणारे बहुतेक जण पहिलं प्रकरण खुन्याच्या डोक्यातून लिहितात. पाऊस, अंधार, दबा धरून बसलेला कुणीतरी. पोलीस येतात तिसऱ्या-चौथ्या प्रकरणात, आणि हस्तलिखित तिथूनच घसरायला लागतं. फौजदार एकटाच राज्यभर फिरतो, डॉक्टर मृत्यूची वेळ मिनिटावर सांगतो, साहेब कारण नसताना खेकसतात आणि शेवटी आरोपी दहा पानं कबुलीजबाब देऊन मोकळा होतो.

यामागे एक चुकीचं गृहीतक आहे. खून पडत असताना ही मालिका आहे हे कुणालाच ठाऊक नसतं. एका ठाण्यात मिसिंग, म्हणजे माणूस बेपत्ता असल्याची नोंद, दाखल असते, दुसऱ्या ठाण्यात आकस्मिक मृत्यूची नोंद, तिसरीकडे भलत्याच माणसावर गुन्हा. हे कागद एकमेकांना कधी भेटलेले नसतात. ते समोरासमोर आणणारा पहिला माणूस म्हणजे तुमचा तरुण फौजदार. म्हणून आधी कागद तयार करा, कादंबरी त्यानंतर. खालचा क्रम त्यासाठीच आहे. नीट समजावं म्हणून एकच कल्पित कथानक शेवटपर्यंत वापरतो: बीड जिल्ह्यातून पश्चिम महाराष्ट्रात ऊसतोडीला येणाऱ्या चार बायका तीन हंगामांत मारल्या जातात आणि सांगली जिल्ह्यातल्या एका ठाण्यात नव्याने रुजू झालेली महिला उपनिरीक्षक तो धागा पकडते.

पायरी १: लिहिण्याआधी चार गोष्टी जमवा

निकालपत्रं वाचा. सत्र न्यायालयांचे आणि उच्च न्यायालयाचे निकाल ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळांवर फुकट वाचायला मिळतात. खुनाच्या खटल्यांचे पाच-सहा निकाल पूर्ण वाचा. पंच कुठे फितूर झाला, जप्ती का टिकली नाही, साक्षीदाराने नेमकं काय पाहिलं, हे सगळं त्यात असतं. निर्दोष सुटल्याचे निकाल जास्त शिकवतात, कारण तपासात भोक कुठे पडलं हे न्यायाधीश मुद्देसूद सांगतात.

जिल्हा न्यायालयात जाऊन बसा. फौजदारी खटला एरवी खुल्या न्यायालयात चालतो आणि मागच्या बाकावर बसायला कुणाची ओळख लागत नाही. तपासी अधिकाऱ्याची उलटतपासणी चालू असेल तो दिवस साधा.

निवृत्त पोलिसाला भेटा, पण प्रश्न तयार ठेवून. "तुमच्या आयुष्यातली थरारक केस सांगा" म्हटलं की गोष्टी मिळतात, माहिती मिळत नाही. "रात्री दोन वाजता पोलीस पाटलाचा फोन आला, तर पहिल्या तासात ठाण्यात कोण काय करतं?" असं विचारा.

चौथी गोष्ट म्हणजे गावाचं आणि धंद्याचं ज्ञान. ऊसतोडीवर लिहायचं तर नवरा-बायकोची जोडी हिशेबात एक कोयता धरतात, मुकादम हंगामाआधी उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो, गळीत हंगाम साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत चालतो, हे माहीत हवं. रहस्याचा अर्धा भाग इथेच दडलेला असतो. बाई नाहीशी झाली की "उचल बुडवून पळाली" हे उत्तर सगळ्यांना आयतं मिळतं. खुन्याला लपायला याहून चांगली जागा कुठली?

सावध: खऱ्या प्रकरणावरून स्फुरण घेत असाल तर बळींची खरी नावं, गाव, नातेवाईक यांतलं काहीही कादंबरीत आणू नका. लैंगिक अत्याचाराच्या बळीची ओळख उघड करणं हा तर गुन्हाच आहे.

पायरी २: काळ, हद्द आणि कायदा ठरवा

१ जुलै २०२४ ही तारीख कागदावर मोठ्या अक्षरात लिहून भिंतीवर लावा. त्या दिवसापासून भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष अधिनियम लागू झाले. त्याआधी घडलेला खून भारतीय दंड संहितेच्या कलम ३०२ खाली जातो, त्यानंतरचा न्याय संहितेच्या कलम १०३ खाली. पुरावा नष्ट करण्याचं जुनं कलम २०१, नवं २३८. गुन्हा कधी घडला यावर कलम ठरतं, आरोपी कधी सापडला यावर नाही.

आपल्या कथानकात पहिल्या तीन बायका २०२२-२३ आणि २०२३-२४ च्या हंगामांत जातात, चौथी २०२४-२५ मध्ये. म्हणजे एकाच खुन्यावर दोन कायद्यांखाली आरोप येणार. फौजदाराच्या टेबलावर दोन्ही कायद्यांची पुस्तकं उघडी पडलेली दाखवलीत, तर ते दृश्य भाषणबाजीशिवाय काळ सांगून जातं.

आता हद्द. जिल्ह्यात पोलीस अधीक्षक, उपविभागीय पोलीस अधिकारी, ठाण्याचा निरीक्षक अशी उतरंड असते आणि मोठ्या गुन्ह्यात स्थानिक गुन्हे शाखा, म्हणजे बोलण्यात एलसीबी, समांतर तपास करते. पुणे, नागपूर, ठाणे अशा आयुक्तालयांत अधीक्षकांच्या जागी उपायुक्त, उपविभागीय अधिकाऱ्याच्या जागी सहायक आयुक्त आणि एलसीबीच्या जागी गुन्हे शाखेची युनिटं येतात. खेड्यात पहिली खबर पोलीस पाटील देतो, शहरात नियंत्रण कक्ष.

सीआयडी आणि सीबीआय वाटेल तेव्हा उतरवू नका. राज्य सीआयडीचं मुख्यालय पुण्यात आहे आणि तपास त्यांच्याकडे वर्ग व्हावा लागतो. सीबीआयला राज्याची संमती किंवा उच्च अथवा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश लागतो.

पायरी ३: फौजदाराची पायरी आणि मर्यादा पक्की करा

थेट भरतीचा पोलीस उपनिरीक्षक लोकसेवा आयोगाची परीक्षा देऊन नाशिकच्या महाराष्ट्र पोलीस अकादमीत प्रशिक्षण घेतो. रुजू झाला की त्याच्या वर सहायक निरीक्षक आणि निरीक्षक, हाताखाली सहायक फौजदार, हवालदार, शिपाई. खुनाचा तपास बहुधा निरीक्षक स्वतःकडे ठेवतो. नव्या उपनिरीक्षकाकडे येतात बंदोबस्त, रात्रगस्त, समन्स, आणि कुणालाच नको असलेले प्रलंबित कागद.

ही मर्यादाच तुमचं भांडवल आहे. हुशार पण अधिकार नसलेला माणूस जेवढा ताण निर्माण करतो तेवढा सर्वशक्तिमान नायक करू शकत नाही. दुसऱ्या जिल्ह्यात जायचं तर परवानगी लागते, गाडी लागते, तिथल्या ठाण्याला कळवावं लागतं. मोबाइलचे कॉल तपशील हवे असतील तर मागणी अधीक्षक किंवा उपायुक्त दर्जाच्या अधिकाऱ्यामार्फत जाते. प्रत्येक "हो" मिळवण्यासाठी तिला कुणाचं तरी मन वळवावं लागतं, आणि तिथे संवाद आपोआप तयार होतात.

बोलण्याची रीत सांभाळा. पंचवीस वर्षं नोकरी झालेला हवालदार तिला "मॅडम" म्हणेल आणि ती त्याला अहो-जाहो करेल. निरीक्षक तिला "अगं" म्हणतो की आडनावाने हाक मारतो, यावरून तो कसा माणूस आहे हे वाचकाला कळतं. वरिष्ठ खोलीत आले की आधी "जय हिंद सर", मग बाकीचं.

तपासून पाहा: तुमच्या फौजदाराने एकट्याने घेतलेले निर्णय मोजा. ज्या निर्णयाला खऱ्या ठाण्यात सही किंवा परवानगी लागली असती, तिथे ती कुणी दिली हे लिहिलं आहे का?

पायरी ४: खुन्याचं वेळापत्रक, फक्त तुमच्यासाठी

एक वही फक्त खुन्याची. प्रत्येक खुनासाठी तारीख, जागा, ठाण्याची हद्द, बळी त्याच्या वाटेत कशी आली, त्याने काय नेलं, काय मागे ठेवलं, परत जाताना त्याला कुणी पाहिलं आणि ते पाहणाऱ्याच्या लक्षात का राहिलं नाही. हे कादंबरीत जसंच्या तसं कधीच येणार नाही, पण याशिवाय एकही सुगावा प्रामाणिक होणार नाही.

हेतू ठरवताना पडद्यावरचे खुनी विसरा आणि महाराष्ट्रात काय घडलं ते आठवा. १९७६-७७ मध्ये पुण्यात जोशी-अभ्यंकर हत्याकांड करणारे तरुण कला महाविद्यालयाचे विद्यार्थी होते, टोळीने काम करत होते आणि घरात सापडलेला एकही साक्षीदार जिवंत ठेवायचा नाही असा त्यांचा खाक्या होता. १९९० ते १९९६ या काळात अंजनाबाई गावित आणि तिच्या दोन मुली लहान मुलं पळवत होत्या, चोऱ्या करताना त्यांचा आडोसा म्हणून वापर करत होत्या आणि मूल डोईजड झालं की त्याला मारत होत्या. दोन्हीकडे कोडी घालणारा विद्वान खुनी नाही. हिशेबी क्रौर्य आहे, आणि ते वाचताना जास्त भीती वाटते.

पद्धत आणि खूण वेगळी ठेवा. काम सोपं व्हावं म्हणून खुनी जे करतो ती पद्धत. ती अनुभवाने बदलते. कामासाठी गरज नसताना तो जे करतो ती खूण. ती सहसा टिकते. चारही खून हुबेहूब सारखे केलेत तर जोडणी पोरखेळ होते. आपल्या कथानकात एक बाई कालव्यात सापडते, एक विहिरीत, एक पाचटाच्या आगीत जळालेली, एक उसाच्या सरीत. पद्धत चारही वेळा निराळी.

सावध: बालपणी झालेला अत्याचार सांगून खुन्याचा उलगडा संपवू नका. तसं बालपण सोसलेली असंख्य माणसं कुणाला इजा करत नाहीत, आणि तुमच्या वाचकांत ती असतात.

पायरी ५: प्रत्येक मृत्यूचा सरकारी कागद लिहा

या पायरीवर सगळ्यात जास्त वेळ घालवा. वहीतल्या प्रत्येक खुनासमोर त्याची सरकारी नोंद काय झाली ते लिहा.

पहिली बाई बीड जिल्ह्यातल्या तिच्या गावच्या ठाण्यात मिसिंग म्हणून, तीही हंगाम संपल्यावर, भावाने दिलेली. प्रौढ व्यक्तीची मिसिंग हा गुन्हा नसतो. अल्पवयीन असेल तर मात्र अपहरणाचा गुन्हा नोंदवावा लागतो. तिचा मृतदेह सांगलीच्या हद्दीत कालव्यात मिळालेला, अनोळखी म्हणून आकस्मिक मृत्यू दाखल, मुदतीनंतर बेवारस म्हणून अंत्यविधी. म्हणजे एकाच बाईचे दोन कागद, दोन जिल्ह्यांत, एकावर नाव आहे आणि दुसऱ्यावर फक्त वर्णन. दुसरीचा विहिरीतला मृत्यू आत्महत्या म्हणून निकाली. तिसरी अपघाती जळीत. चौथीच्या वेळी खुनाचा गुन्हा, आणि संशयित म्हणून मुकादम आत.

आता पंचनामे खरोखर लिहा. कादंबरीत चार ओळी येतील, तरी पान भरून लिहा. कालव्यातल्या बाईचा इन्क्वेस्ट पंचनामा, म्हणजे मृतदेहाचा पंचनामा, असा:

"प्रेत स्त्री जातीचे, वय अंदाजे ३० ते ३५ वर्षे, बांधा मध्यम. अंगावर हिरव्या रंगाचे नऊवारी लुगडे, त्यावर पुरुषी पांढरा फुल बाह्यांचा शर्ट. गळ्यात काळ्या मण्यांची पोत, त्यात सोन्याचे दोन मणी. दोन्ही हातांत काचेच्या बांगड्या. दोन्ही पायांच्या दुसऱ्या बोटांवर जोडव्यांचे वळ दिसून येतात, जोडवी मिळून आली नाहीत. पंचांचे मते मृत्यू पाण्यात बुडून झाला असावा, तरी मृत्यूचे निश्चित कारण समजणेकामी प्रेत शवविच्छेदनासाठी पाठविणे योग्य वाटते."

सोन्याचे मणी गळ्यात तसेच आहेत, चांदीची जोडवी गेली आहेत. लिहिणाऱ्या हवालदाराला यात काही वाटलं नाही. त्याने दिसलं ते प्रामाणिकपणे उतरवलं. चोर सोनं सोडून चांदी नेणार नाही. आणि पाण्यात जोडवी निघून जातात म्हणावं तर दोन्ही पायांतली एकदम? चांगला सुगावा असाच असतो: सगळ्यांसमोर पडलेला, सरकारी भाषेत, दोन वर्षं धूळ खात.

विहिरीतल्या बाईच्या पंचनाम्यात मात्र जोडव्यांचा उल्लेखच ठेवू नका. लिहिणाऱ्याने पायांकडे पाहिलं नाही. मग फौजदाराला फोटो शोधावा लागेल, नातेवाइकांना विचारावं लागेल. प्रत्येक कागदात एक उणीव ठेवा, पण त्या उणिवेला माणसासारखं कारण द्या: पाऊस, रात्र, त्याच दिवशी लागलेला यात्रेचा बंदोबस्त.

तपासून पाहा: फक्त हे चार कागद एखाद्या मित्राला वाचायला द्या. पहिल्याच वाचनात त्याला साम्य दिसलं तर ते फार उघड आहे. तुम्ही बोट ठेवून दाखवल्यावरही पटलं नाही तर फार पुसट.

पायरी ६: जोडणीचा क्षण

नवख्या अधिकाऱ्याला प्रलंबित आकस्मिक मृत्यू निकाली काढायला बसवतात. कंटाळवाणं काम असतं, आणि म्हणूनच जोडणीसाठी याहून योग्य जागा नाही. ती तीन टप्प्यांत करा. पहिला टप्पा योगायोगाचा: कालव्याच्या प्रकरणातली जोडव्यांची ओळ तिला खटकते. दुसरा संशयाचा: विहिरीतल्या बाईच्या सासूशी बोलताना ती सहज विचारते, अंगावरचं काय काय परत मिळालं? सासू पोत, कुडी, बांगड्या मोजते आणि थांबते. तिसरा पडताळणीचा: बीडच्या मिसिंगमधलं वर्णन आणि कालव्यातल्या बेवारस बाईचं वर्णन जुळतं, भावाला फोटो दाखवला जातो, डीएनएसाठी नमुना राखून ठेवला होता का याची शोधाशोध सुरू होते.

वरिष्ठांच्या विरोधाला खरं कारण द्या. निकाली निघालेलं प्रकरण खुनात बदललं की आपल्याच ठाण्याच्या माथ्यावर न उलगडलेला गुन्हा येतो. आधीच्या तपासी अंमलदाराला जाब द्यावा लागतो, आणि तो कदाचित याच खोलीत बसलेला असतो. चौथ्या खुनात मुकादमाला अटक केलेली आहे. "चौघींचा खुनी एकच" म्हटलं की ती अटक कोसळते. एवढं पुरेसं आहे. साहेबाला लाचखोर दाखवण्याची गरज नाही.

ही गोष्ट अवास्तव नाही. गोव्यात २००९ मध्ये महानंद नाईक पकडला गेला तेव्हा १९९४ पासूनच्या अनेक बायकांचे खून एकाच माणसाकडे येऊन थांबले. लग्नाचं आमिष दाखवून तो त्यांना दागिन्यांसह बोलावत असे. इतक्या वर्षांत हे कागद एकमेकांशेजारी कुणी ठेवले नव्हते. पुढे काही खटल्यांत त्याला शिक्षा झाली आणि बऱ्याच खटल्यांत पुराव्याअभावी तो सुटला. हा दुसरा भाग शेवट लिहिताना विसरू नका.

सावध: भिंतीवर फोटो आणि लाल दोरे लावणारा फौजदार आता नको. रजिस्टर, झेरॉक्स आणि हाताने आखलेला तक्ता पुरे.

पायरी ७: तपासाचा क्रम मोडू नका

चौथ्या खुनापासून तपास वाचकासमोर घडतो. क्रम असा ठेवा:

१. खबर, ठाणे अंमलदाराची स्टेशन डायरीतली नोंद, पथक रवाना.

२. जागा राखणे. सात वर्षं किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायसहायक तज्ज्ञांनी घटनास्थळी यावं अशी तरतूद नव्या संहितेत आहे. त्यांची गाडी येईपर्यंत गर्दी थोपवणारा एकटा शिपाई हे उत्तम दृश्य आहे.

३. इन्क्वेस्ट पंचनामा आणि घटनास्थळाचा पंचनामा हे दोन वेगळे कागद. एक मृतदेहाचा, एक जागेचा.

४. मृतदेह शवविच्छेदनाला. सोबत पोलीस शिपाई, कागद आणि बहुतेकदा एक सुन्न नातेवाईक.

५. फिर्याद आणि गुन्हा दाखल. मग जबाब, सीसीटीव्ही, कॉल तपशील.

६. संशयित, अटक, चोवीस तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यासमोर, पोलीस कोठडी.

७. जप्ती, ओळख परेड, प्रयोगशाळेचे अहवाल, दोषारोपपत्र. खुनात आरोपी कोठडीत असेल तर नव्वद दिवसांत दोषारोपपत्र गेलं नाही की त्याला जामिनाचा हक्क मिळतो. हे घड्याळ कादंबरीच्या उत्तरार्धात सतत चालू ठेवा.

वेळेच्या चुका सगळ्यात जास्त होतात. कालव्याकाठच्या ढाब्याचा सीसीटीव्ही काही आठवड्यांत स्वतःवरच पुसून लिहितो. तीन महिन्यांनी गेलेल्या फौजदाराला तिथे काही मिळणार नाही. प्रयोगशाळेचा अहवाल, ठाण्यात आणि कोर्टात ज्याला सीए रिपोर्ट म्हणतात, संध्याकाळी येत नाही, महिने जातात. तो न आल्याने अडलेला तपास दाखवा.

शवविच्छेदनाच्या प्रकरणात डॉक्टरला सावधपणे बोलू द्या. मृत्यूची वेळ तो तासांच्या पट्ट्यात सांगेल. आपल्या उन्हाळ्यात शरीराचा ताठरपणा लवकर येतो आणि लवकर उतरतो, कुजणंही वेगाने होतं, त्यामुळे पट्टा आणखी रुंद. गळफासाचा व्रण बहुधा तिरका, वर चढत गेलेला असतो. गळा आवळल्याचा बहुधा आडवा. पण "बहुधा" हा शब्द डॉक्टरच्या तोंडून गळू देऊ नका. कारण स्पष्ट नसेल तर तो मत राखून ठेवतो आणि व्हिसेरा, म्हणजे पोटातल्या अवयवांचे नमुने, तपासणीला पाठवतो. विषतपासणीसाठीचा व्हिसेरा मिठाच्या संपृक्त द्रावणात ठेवतात, हे माहीत असलेला वाचक तुमच्यावर पुढची शंभर पानं विश्वास ठेवेल.

पायरी ८: चुकीचा संशयित खरा वाटला पाहिजे

मुकादमाविरुद्ध सगळं जुळतं. बाईच्या नवऱ्याकडे त्याची उचल थकली होती, त्याने चारचौघांत धमकी दिली होती, त्या रात्री तो फडावर होता. वाचकालाही तोच वाटला पाहिजे. नंतर तो सुटतो तो फौजदाराला आतून वाटलं म्हणून नव्हे, तर आधीच्या हंगामात तो दुसऱ्याच कारखान्याकडे टोळी घेऊन गेला होता, याची नोंद कारखान्याच्या शेतकी खात्यात सापडते म्हणून.

कोठडीतल्या मारहाणीबद्दल एक गोष्ट ठामपणे मांडतो. आपल्या लेखनात "दोन ठेवून दिल्यावर बोलला" हे फार सहज येतं. ते लिहायचं असेल तर त्याची किंमतही लिहा. मार खाऊन मुकादमाने खोटी कबुली दिली तर खरा खुनी आणखी एक हंगाम मोकळा राहतो. अटकेची माहिती नातेवाइकांना देणं, वैद्यकीय तपासणी करणं हे डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने घालून दिलेले नियम आहेत. नार्को चाचणी संमतीशिवाय करता येत नाही, हे २०१० च्या सेल्वी निकालाने ठरलं आहे.

पायरी ९: अटक आणि त्यानंतरची खरी लढाई

मुंबईत १९६८ च्या ऑगस्टमध्ये मालिका खुनी रामन राघवला उपनिरीक्षक अ‍ॅलेक्स फियालो यांनी भर रस्त्यात ओळखून पकडलं. पाठलाग नाही, गोळीबार नाही. वर्णन आणि फोटो डोक्यात पक्का बसलेला एक तरुण अधिकारी, आणि गर्दीतला एक माणूस. आरोपी अनेक नावांनी वावरत होता; जुन्या नोंदीतल्या बोटांच्या ठशांवरून ओळख पक्की झाली. पुढे फाशीची शिक्षा झाली, आणि मनोरुग्णतेच्या मुद्द्यावर १९८७ मध्ये उच्च न्यायालयाने ती जन्मठेपेत बदलली. अटक म्हणजे शेवट नव्हे, हे या एका प्रकरणावरून दिसतं.

लेखकांची सर्वांत मोठी चूक इथे होते. पोलिसासमोर दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. पूर्वी पुरावा कायद्याच्या कलम २५ व २६ मध्ये हे होतं, आता साक्ष अधिनियमाच्या कलम २३ मध्ये. चालतो तो फक्त तेवढा भाग, ज्यामुळे एखादी गोष्ट प्रत्यक्ष सापडते. म्हणून आधी पंचांसमोर निवेदन पंचनामा होतो: "मी लपवून ठेवलेली वस्तू काढून देतो." मग आरोपी पुढे, पंच आणि पोलीस मागे, आणि वस्तू निघाली की जप्ती पंचनामा. जुलै २०२४ नंतर झडती आणि जप्तीचं चित्रीकरणही करावं लागतं.

आपल्या कथानकात हेच शिखर आहे. उसाची वाहतूक करणारा ट्रॅक्टरवाला, दर हंगामात त्याच पट्ट्यात येणारा, आपल्या घराच्या वळचणीत खोचलेला डबा काढून देतो. आत चार जोड जोडवी. आता प्रश्न उरतो तो सिद्ध करण्याचा: कुठला जोड कुणाचा? सासू, भाऊ, गावचा सोनार यांना ओळखीसाठी बोलवावं लागेल. सरमिसळ केलेल्या जोडव्यांमधून म्हातारी आपल्या सुनेचा जोड उचलते, की तिचा हात भलत्याच जोडावर जातो? दहा पानांच्या कबुलीपेक्षा हे दृश्य कितीतरी मोठं आहे.

स्वेच्छेने कबुली द्यायची असेल तर ती न्यायदंडाधिकाऱ्यासमोर. ते त्याला बजावतात की बोलणं बंधनकारक नाही, विचाराला वेळ देतात, पोलिसांना बाहेर ठेवतात. ओळख परेडही पोलीस घेत नाहीत. त्याआधी आरोपीचा चेहरा बातम्यांत झळकला तर तिची किंमत जाते. म्हणून आरोपीला कोर्टात बुरख्यात आणतात.

सावध: शेवटी चकमकीत खुन्याला मारू नका. तीनशे पानं जमवलेला पुरावा तुम्ही स्वतःच फेकून देता, आणि चौथ्या बाईच्या घरच्यांना न्यायालयात एकदाही उभं राहू देत नाही.

पायरी १०: आता प्रकरणं लावा

खुन्याची वही आणि चार कागद शेजारी ठेवा. प्रत्येक प्रकरणासाठी दोनच ओळी लिहा: या प्रकरणाअखेर फौजदाराला काय माहीत आहे, आणि वाचकाला काय. दोन्ही रकाने सलग पाच-सहा प्रकरणं सारखेच राहिले तर ताण सुटतो. वाचकाला थोडं पुढे ठेवलं तर भीती वाढते, थोडं मागे ठेवलं तर कुतूहल. खुन्याच्या नजरेतून प्रकरण लिहायचंच असेल तर एखादंच लिहा आणि त्यात त्याला विचार करायला लावू नका. काम करू द्या. ट्रॅक्टरला ट्रॉली जोडणं, काट्यावर नंबर लावून बसणं, चहा पिणं.

आणि मेलेल्या बायकांना प्रत्येकी एक जिवंत प्रसंग द्या. हंगामात फडावर मुलीची शाळा बुडते म्हणून गावी सासूकडे ठेवलेली पोर, तिच्याशी रोज रात्री मुकादमाच्या फोनवरून दोन मिनिटं बोलणारी आई. वाचकाला ती बाई आवडली असेल तरच पंचनाम्यातली "प्रेत स्त्री जातीचे" ही ओळ त्याला टोचेल.

पायरी ११: दुसरा खर्डा तपासताना

संवाद मोठ्याने वाचा. बीडची बाई आणि सांगलीचा हवालदार एकसारखं बोलत असतील तर दोघांपैकी एकाची भाषा तुम्ही ऐकलेली नाही. कागदातली भाषा, "समजणेकामी", "मिळून आले", ही फक्त कागदात ठेवा. पोलीस घरी जाऊन अशी बोलत नाहीत.

तारखांचा वेगळा तक्ता करून हंगाम, सण, अमावास्या, पाऊस पडताळा. कालव्याला त्या आठवड्यात पाणी सोडलेलं होतं का, हेसुद्धा.

मग हस्तलिखित तिघांकडे जाऊ द्या: निवृत्त तपासी अधिकारी, फौजदारी वकील, आणि तुम्ही ज्या माणसांवर लिहिलं आहे त्यांच्यातलं कुणीतरी. अधिकाऱ्याला विचारा, ही फौजदार कुठे निलंबित झाली असती? वकिलाला विचारा, तुम्ही आरोपीच्या बाजूने असता तर पहिला घाव कुठे घातला असता? ऊसतोड करून आलेल्या बाईला प्रकरणं वाचून दाखवा आणि ती कुठे हसते, कुठे मान हलवते ते टिपून घ्या. तिने "असं नसतंय" म्हटलेल्या प्रत्येक जागी पान पुन्हा लिहायचं आहे.